संशोधनासाठी सामायिक ऑनलाइन नकाशा-साधन कसे उभारावे: गोव्यातील नवोदितांसाठी

गोवा ३,७०२ चौरस किलोमीटरचे राज्य आहे. १९६६ साली स्थापन झालेली, दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्र विज्ञान संस्था, ताळगाव पठारावरील गोवा विद्यापीठ आणि वास्कोतील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र या सर्व संस्था एका दिवसात पाहून येण्याइतक्या जवळ आहेत. शिवाय अनेक महाविद्यालयांतील विद्यार्थी दरवर्षी नदीकाठी, सड्यांवर आणि किनाऱ्यावर मोजमापे घेत असतात. तरीही एकाच नदीवर काम करणाऱ्या दोन गटांना एकमेकांच्या नोंदी वापरता येत नाहीत, कारण एकाची अक्षांश-रेखांश लिहिण्याची रीत दुसऱ्याहून वेगळी असते, एकाच गावाचे नाव तीन प्रकारे लिहिलेले असते आणि मूळ फाइल पदवी घेऊन गेलेल्या विद्यार्थ्याच्या लॅपटॉपवर राहिलेली असते. हा लेख अशा नोंदी अनेकांना मिळून भरता, तपासता आणि वापरता येतील असे साधन पहिल्यांदाच उभारू पाहणाऱ्यांसाठी आहे. माझे म्हणणे आरंभीच सांगतो: पडद्यावर दिसणारा नकाशा हा या कामाच्या शेवटच्या टप्प्यांपैकी एक आहे, आणि जे गट त्यापासून सुरुवात करतात त्यांना पुढे बहुतेक सर्व काम पुन्हा करावे लागते.

संपूर्ण लेखात मी एकच उदाहरण घेणार आहे. मांडवी आणि जुवारी या नद्यांना जोडणाऱ्या कुंभारजुवे कालव्याच्या काठी खाजन शेती आहे. भरतीचे खारे पाणी बांधांनी अडवलेले असते, आणि मानशीची, म्हणजे बांधातील पाण्याच्या वाटेची, लाकडी दारे ओहोटीला उघडून आतले पाणी बाहेर सोडतात व भरतीला पाण्याच्याच दाबाने मिटतात. बांध फुटला की खारे पाणी शेतात घुसते आणि कोरगुटसारखा खारेपणा सोसणारा भातसुद्धा एका मर्यादेपलीकडे तग धरत नाही. समजा, एखाद्या महाविद्यालयाचा भूगोल विभाग, नदीच्या पाण्याचा अभ्यास करणारा एक संशोधक आणि दोन-तीन गावांतील कुळांच्या संघटना मिळून बांध, मानशी आणि पाण्याची क्षारता यांची सामायिक नोंद ठेवू इच्छितात. त्यांनी काय करावे, ते क्रमाने पाहू.

पहिली पायरी: प्रश्न एका वाक्यात लिहून काढावा

“खाजनांची सर्व माहिती एकत्र करणे” हा प्रश्न नव्हे. “कोणत्या मानशींच्या आतल्या बाजूला लावणीच्या आधी पाण्याची क्षारता भाताला सोसणार नाही इतकी असते?” हा प्रश्न आहे, कारण त्यातून काय मोजायचे, कुठे मोजायचे, कोणत्या महिन्यांत मोजायचे आणि किती अचूकतेने मोजायचे हे चारही मुद्दे आपोआप ठरतात. प्रश्न लिहून झाल्यावर तो नोंदी करणाऱ्या प्रत्येकाला वाचून दाखवावा. शेतकऱ्याला त्यातून काय मिळणार हे सांगता येत नसेल, तर पहिल्या पावसाळ्यानंतर त्याच्याकडून नोंद येणे थांबेल. नंतर प्रश्न वाढवता येतो, पण आरंभी एकापेक्षा अधिक घेऊ नयेत असा माझा आग्रह आहे.

दुसरी पायरी: कोणाचे काय, कोणाला काय दिसेल, कायदा काय म्हणतो

साधन सामायिक आहे याचा अर्थ सर्व काही सर्वांना खुले आहे असा होत नाही. प्रत्येक गटाकडून एका पानाचे लेखी सहमतीपत्र घ्यावे. नोंदी कोणाच्या नावे राहतील, त्या किती काळाने सार्वजनिक होतील, संशोधनलेखात श्रेय कसे दिले जाईल आणि एखाद्या गटाने माघार घेतली तर त्याच्या नोंदींचे काय होईल, एवढे त्यात स्पष्ट असावे. हे कागद काम सुरू होण्यापूर्वीच करावेत, कारण मतभेद झाल्यावर कोणीही सही करत नाही.

कायद्याच्या बाजूने नवोदितांनी तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. भारत सरकारने १५ फेब्रुवारी २०२१ रोजी भू-स्थानिक माहितीविषयी नवी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आणि २०२२ साली राष्ट्रीय भू-स्थानिक धोरण आले. त्यामुळे पूर्वी लागणाऱ्या अनेक परवानग्या भारतीय व्यक्तींना आणि संस्थांना आता लागत नाहीत. मात्र आडव्या दिशेत १ मीटर आणि उंचीत ३ मीटर या मर्यादेहून अधिक अचूक माहिती भारतीय संस्थांनीच निर्माण करायची असते आणि ती भारतातच साठवायची असते. फोनने घेतलेल्या नोंदी या मर्यादेच्या आत येत नाहीत, पण ड्रोनने बांधाचे चित्रण करून सेंटिमीटरपर्यंतचा नकाशा बनवला की तो येतो, आणि तेव्हा सर्व्हर कोणत्या देशात आहे हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. दुसरी गोष्ट ड्रोनचीच आहे. दाबोळीचा विमानतळ नौदलाच्या तळावर आहे आणि मोपालाही विमानतळ झाला आहे, म्हणून गोव्यात ड्रोन उडवण्यापूर्वी त्या जागेसाठी कोणती परवानगी लागते हे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या क्षेत्र-नकाशावर पाहिलेच पाहिजे. तिसरी गोष्ट व्यक्तींच्या माहितीची. जमिनीचा एक-चौदाचा उतारा कोणालाही काढता येतो, म्हणून सर्व्हे क्रमांक, कुळाचे नाव आणि त्याच्या शेतातील क्षारता या तीन गोष्टी एकत्र करून जाहीर करणे योग्य ठरत नाही. जमिनीच्या किमतीवर आणि गावातील संबंधांवर त्याचा परिणाम होतो, आणि २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण अधिनियमाचीही जाण ठेवावी लागते. नावे वेगळ्या, बंद तक्त्यात असावीत.

काही ठिकाणे तर जाहीरच करायची नसतात. मोरजी, आगोंद आणि गालजीबाग येथील किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. अशा घरट्यांची नेमकी जागा सार्वजनिक नकाशावर टाकणे म्हणजे अंडी चोरणाऱ्याला वाट दाखवणे आहे. निसर्गनोंदींचे ‘आय-नॅचरलिस्ट’ हे संकेतस्थळ संकटग्रस्त प्रजातींची जागा सुमारे ०.२ अंशाच्या चौकोनात धूसर करून दाखवते. गोव्यात हा चौकोन जवळजवळ २२ किलोमीटर बाजूचा होतो, म्हणजे एका तालुक्याएवढा. आपल्या साधनातही तपशिलाचे दोन स्तर ठेवावेत: एक संशोधकांसाठी, एक सर्वांसाठी.

तिसरी पायरी: तक्ता कागदावर आखावा

या पायरीला सर्वाधिक वेळ द्यावा. संगणक न उघडता चार माणसांनी एका टेबलाभोवती बसून हे काम केले तर ते चांगले होते.

सर्वप्रथम ठिकाण आणि मोजमाप वेगळे करावे. मानस एका जागी असते आणि वर्षानुवर्षे तिथेच राहते, पण तिच्याजवळची क्षारता दर पंधरवड्याला मोजली जाते. म्हणून मानशींचा एक तक्ता, मोजमापांचा दुसरा तक्ता, आणि दोहोंना जोडणारा एक कायमचा ओळख-क्रमांक हवा. हा क्रमांक अर्थहीन असलेला बरा. त्यात गावाचे नाव किंवा मालकाचे आद्याक्षर घातले की गाव बदलले, मालक बदलला, किंवा मानस दुरुस्त करून चार पावले पुढे बांधली की घोळ होतो.

गावांच्या नावांचा प्रश्न गोव्यात विशेष तीव्र आहे. पोर्तुगीज काळातील लेखन, इंग्रजी लेखन आणि देवनागरी लेखन ही तिन्ही आजही वापरात आहेत. केपे आणि क्वेपेम, पेडणे आणि पेर्नेम, डिचोली आणि बिचोलिम, चोडण आणि शोरांव अशा जोड्या माणसाला कळतात, पण संगणकाला ती वेगवेगळी ठिकाणे वाटतात. यावर उपाय सोपा आहे. केंद्र सरकारच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत प्रत्येक गावाला, तालुक्याला आणि पंचायतीला एक क्रमांक दिलेला आहे. तो क्रमांक तक्त्यात ठेवावा, आणि सर्व पर्यायी नावांची एक वेगळी यादी त्याला जोडावी. नोंद करणाऱ्याने नाव टाइप करायचेच नाही, यादीतून निवडायचे.

तारीख आणि वेळ यांकडे नवोदित दुर्लक्ष करतात, म्हणून येथे थोडे थांबतो. कोणी ०५/०६ असे लिहिले, तर ते ५ जून की ६ मे हे सांगता येत नाही. गोव्यात मान्सून साधारण जूनच्या पहिल्या आठवड्यात पोहोचतो. मे महिन्यात नदीत खारेपणा सर्वाधिक आत शिरलेला असतो आणि पाऊस सुरू झाला की तो झपाट्याने उतरतो. म्हणजे नेमक्या याच दोन तारखांत अख्खा ऋतू बदलतो. तारीख नेहमी वर्ष, महिना, दिवस या क्रमाने, २०२५-०६-०५ अशी लिहावी. वेळेचे तर त्याहून अवघड आहे. अनेक उपकरणे जागतिक प्रमाणवेळ नोंदवतात, आणि आपली घड्याळे त्याच्या साडेपाच तास पुढे असतात. गोव्याच्या किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती येते, आणि भरतीपासून पुढच्या ओहोटीपर्यंतचा काळ सरासरी सव्वासहा तासांच्या आत-बाहेर असतो. साडेपाच तासांची चूक झाली की भरतीच्या वेळी घेतलेला नमुना जवळजवळ ओहोटीचा ठरतो आणि ओहोटीचा भरतीचा. आलेख तरीही सुबक दिसतो, निष्कर्ष मात्र उलटा निघतो. म्हणून प्रत्येक वेळेसोबत ती कोणत्या वेळक्षेत्रातील आहे हे साठवलेच पाहिजे.

मोजमापाच्या तक्त्यात एकक आणि उपकरण यांसाठी स्वतंत्र स्तंभ असावेत. रिफ्रॅक्टोमीटर दर हजारी भाग दाखवतो, विद्युतवाहकता मापक वेगळ्याच एककात आकडा देतो, आणि दोन्ही आकडे एका स्तंभात पडले की वेगळे करण्याचा मार्ग उरत नाही. नमुना पृष्ठभागावरचा की तळाजवळचा हेही लिहावे, कारण नदीमुखाजवळ गोडे पाणी वर आणि खारे पाणी खाली असे थर अनेकदा असतात.

चौथी पायरी: जागेचे गणित समजून घ्यावे

अक्षांश-रेखांश हे दोन आकडे पुरेसे असतात असे वाटते, पण ते कोणत्या संदर्भ प्रणालीत मोजले हे कळल्याशिवाय त्यांना अर्थ नसतो. आजचे फोन आणि जीपीएस उपकरणे डब्ल्यूजीएस ८४ ही प्रणाली वापरतात, जिचा सांकेतिक क्रमांक ईपीएसजी ४३२६ आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने स्थलदर्शक नकाशे एव्हरेस्ट संदर्भावर काढलेले आहेत. ते रूपांतर न करता आजच्या नोंदींवर ठेवले, तर नदीचा काठ सरकल्यासारखा दिसतो, आणि तो सरकला की नाही याचा अभ्यास करणाऱ्याने ही गोष्ट आधी दुरुस्त केली पाहिजे.

साठवण ईपीएसजी ४३२६ मध्ये करावी, पण लांबी आणि क्षेत्रफळ त्यात मोजू नये. त्यासाठी मीटरमध्ये मोजणाऱ्या यूटीएम प्रणालीतील विभाग ४३ उत्तर, म्हणजे ईपीएसजी ३२६४३ वापरावा. तो ७२ ते ७८ पूर्व रेखांशांसाठी आहे आणि संपूर्ण गोवा त्यात बसतो. येथे एक सापळा आहे. इंटरनेटवरील बहुतेक नकाशे वेब मर्केटर प्रक्षेपणात दाखवले जातात, आणि ते विषुववृत्तापासून दूर जाऊ तसे क्षेत्रफळ फुगवते. गोव्याच्या अक्षांशावर ही वाढ सुमारे ८ टक्के आहे. म्हणजे १०० हेक्टरचे खाजन पडद्यावरील प्रक्षेपणात मोजले तर सुमारे १०८ हेक्टर भरेल. नुकसानभरपाईच्या प्रश्नात एवढा फरक दोन कुटुंबांची शेते मावतील इतका असू शकतो.

आकड्यांच्या क्रमाचाही घोळ होतो. बोलताना आपण अक्षांश आधी म्हणतो, पण जागांच्या नोंदी लिहिण्याच्या, २०१६ साली ठरलेल्या जिओजेसन मानकानुसार रेखांश आधी लिहावा लागतो. पणजीजवळचा १५.५ उत्तर, ७३.८ पूर्व हा बिंदू उलटा लिहिला गेला, तर तो नॉर्वेच्या उत्तरेला, स्वालबार्डच्या दक्षिणेकडील समुद्रात जाऊन पडतो. ही चूक डेटाबेसला आपोआप पकडता येते. अक्षांश १४.८ ते १५.९ आणि रेखांश ७३.६ ते ७४.४ यांच्या बाहेरची नोंद स्वीकारायचीच नाही, असा नियम लावावा.

दशांशस्थळांबाबत प्रामाणिक राहावे. पाच दशांशस्थळे म्हणजे साधारण एक मीटर. मोकळ्या जागेत फोनची अचूकता काही मीटरांचीच असते, आणि माडांखाली ती आणखी घटते, म्हणून फोनने दिलेले आठ अंक हे अचूकतेचे लक्षण नाही. बांध अरुंद असतो, त्यामुळे बांधावर उभे राहून घेतलेला बिंदू नकाशावर कालव्यात पडू शकतो. अशा वेळी बिंदू हाताने सरकवू नये. अंदाजे त्रुटी किती ते वेगळ्या स्तंभात लिहावे.

उंची हा तर स्वतंत्र विषय आहे. खाजनाची जमीन भरतीच्या पातळीपेक्षा किती खाली आहे हे कळायला काही सेंटिमीटरांची अचूकता लागते, आणि फोनची उंची त्यासाठी निरुपयोगी आहे. अचूक उपग्रह उपकरण घेतले, तरी ते लंबवर्तुळाभाच्या, म्हणजे पृथ्वीच्या गुळगुळीत गणिती आकाराच्या, संदर्भात उंची देते. श्रीलंकेच्या दक्षिणेला हिंदी महासागरात पृथ्वीच्या गुरुत्वपृष्ठाचा जो मोठा खोलगट भाग आहे त्याचा प्रभाव आपल्या किनाऱ्यापर्यंत पोहोचतो, म्हणून गोव्यात समुद्रसपाटीवर उभे असतानाही अशा उपकरणात उंची शून्याच्या पन्नासहून अधिक मीटर खाली दिसते. नवोदिताला उपकरण बिघडले असे वाटते. उपकरण ठीक असते, फक्त संदर्भ बदलून घ्यायचा असतो. उंचीचे काम सर्वेक्षण शिकलेल्या माणसाकडूनच करून घ्यावे.

पाचवी पायरी: फाइलचा प्रकार निवडावा

शेपफाइल हा नकाशाच्या थरांचा जुना फाइल-प्रकार अजून सर्वत्र चालतो, पण मराठी माहितीसाठी तो गैरसोयीचा आहे. त्यात स्तंभाचे नाव १० बाइटांपुरतेच असते आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेते. ‘क्षारता’ या शब्दात अशी सात चिन्हे आहेत, म्हणजे तो अर्ध्यावरच तुटतो. शिवाय एक थर म्हणजे चार-पाच फाइली, आणि त्यांतील एखादी पाठवायची राहिली की संदर्भ प्रणालीच हरवते. त्याऐवजी जिओपॅकेज वापरावे. सर्व थर एकाच फाइलमध्ये राहतात आणि देवनागरी व्यवस्थित टिकते. स्तंभांची नावे मात्र रोमन लिपीतील लहान अक्षरांत, मोकळी जागा न सोडता ठेवावीत आणि त्यांचा मराठी अर्थ शब्दसूचीच्या तक्त्यात द्यावा.

सहावी पायरी: एक डेटाबेस, एक मूळ प्रत

ई-मेलने फिरणाऱ्या फाइली बंद करायच्या असतील, तर मूळ प्रत एकाच ठिकाणी हवी. पोस्टग्रेएसक्यूएल हा डेटाबेस आणि त्यात जागेच्या नोंदी ठेवण्याची सोय करणारा पोस्टजीआयएस हा मुक्त स्रोत जोड २००१ पासून जगभर वापरात आहे आणि आपल्या उदाहरणासाठी एक लहानसा भाड्याचा सर्व्हर किंवा महाविद्यालयातील एक साधा संगणक पुरतो. क्यूजीआयएस हे नकाशे पाहण्याचे व बनवण्याचे मुक्त साधन थेट त्याला जोडता येते, त्यामुळे नकाशा बघायला वेगळा प्रोग्राम लिहावा लागत नाही. माझ्या अनुभवाने पहिले सहा महिने बहुतेक गटांना एवढेच पुरते, आणि त्या काळात संकेतस्थळ बनवण्याची घाई करू नये.

तीन नियम आधीच लावावेत. कच्ची नोंद कधीही पुसायची नाही. दुरुस्ती करायची तर दुरुस्त मूल्य, कारण, करणाऱ्याचे नाव आणि तारीख शेजारी लिहायची. दुसरा नियम भूमिकांचा. वाचणारा, भरणारा आणि मान्यता देणारा असे तीन वेगळे हक्क असावेत आणि सर्वांनी एकच पासवर्ड वापरू नये. तिसरा नियम बॅकअपचा. दररोज आपोआप प्रत निघावी, त्यांपैकी एक प्रत दुसऱ्या इमारतीत असावी, आणि दर तीन महिन्यांनी ती प्रत दुसऱ्या संगणकावर खरोखर उघडून पाहावी. न उघडलेल्या बॅकअपवर विसंबू नये.

सातवी पायरी: शेतातून नोंद आणणे

क्यूफील्ड, ओडीके आणि कोबोटूलबॉक्स ही साधने फोनवर चालतात आणि नेटवर्क नसतानाही नोंद घेतात. खाजनाच्या मध्यावर रेंज जाते, पावसात फोन प्लॅस्टिकच्या पिशवीतून हाताळावा लागतो, आणि सत्तरीतील किंवा नेत्रावळीतील जंगलात तर दिवसभर नेटवर्क मिळत नाही. म्हणून फॉर्म छोटा असावा. माझ्या मते आठ प्रश्नांहून अधिक विचारू नयेत, त्यांतील शक्य तितके निवडीचे असावेत, आणि जागा, वेळ व त्रुटी फोननेच भराव्यात. प्रश्न मराठीत आणि कोकणीत ठेवावेत, आणि मानस, बांध, पोंय (खाजनातील पाण्याची खोलगट जागा) हे शब्द गावात जसे बोलतात तसेच लिहावेत. प्रत्येक नोंदीसोबत एक छायाचित्र घ्यावे, ज्यात मापकाचा आकडा वाचता येईल. पुढे शंका आली की तेच छायाचित्र उपयोगी पडते.

फॉर्म खुला करण्याआधी दोन माणसांनी त्याच मानशीवर, त्याच वेळी, स्वतंत्रपणे नोंद करून पाहावी. दोघांचे आकडे जुळले नाहीत, तर दोष माणसांत शोधण्याआधी फॉर्ममधील प्रश्नात शोधावा.

आठवी पायरी: उपग्रह प्रतिमा जोडणे

युरोपचे सेंटिनेल-२ उपग्रह १० मीटर तपशिलाची चित्रे साधारण पाच दिवसांनी देतात, अमेरिकेच्या लँडसॅट मालिकेची नोंद १९७२ पासूनची आहे आणि २००८ पासून ती विनामूल्य मिळते. इस्रोच्या भुवन आणि भूनिधी या संकेतस्थळांवरून भारतीय उपग्रहांची चित्रे घेता येतात. पण गोव्यातील नवोदिताने दोन मर्यादा ओळखाव्यात. जून ते सप्टेंबर या काळात आकाश ढगांनी भरलेले असते, आणि बांध फुटण्याचे प्रसंग बरेचदा तेव्हाच घडतात. अशा वेळी ढगांतून आरपार पाहणाऱ्या सेंटिनेल-१ या रडार उपग्रहाकडे वळावे लागते. दुसरी मर्यादा भरतीची आहे. सेंटिनेल-२ गोव्यावरून सकाळी अकराच्या सुमारास जातो, पण त्या वेळी कधी भरती असते तर कधी ओहोटी. दोन चित्रांतील पाण्याखालच्या क्षेत्राची तुलना करताना भरती-ओहोटीच्या तक्त्यातून त्या क्षणाची पातळी नोंदवली नाही, तर भरतीलाच पूर समजले जाईल. आणि काही मीटर रुंदीचा बांध १० मीटरच्या चौकोनात दिसणार नाही. दिसेल ते त्याच्या आत साचलेले पाणी. खारफुटी आणि माडांची बागाईत यांचाही चित्रात गोंधळ होतो, म्हणून वर्गीकरणाची तपासणी प्रत्यक्ष जाऊनच करावी.

मूळ चित्रे आपल्या सर्व्हरवर उतरवून ठेवू नयेत. क्लाउड ऑप्टिमाइझ्ड जिओटिफ या प्रकारातील चित्राचा फक्त हवा तेवढा तुकडा दुरून वाचता येतो. आपण साठवायचे ते चित्राचे नाव, तारीख आणि त्यावर केलेली प्रक्रिया.

नववी पायरी: आता नकाशा

मुक्त भू-स्थानिक मानके ठरवणारा ओजीसी हा संघ १९९४ पासून काम करतो. त्याच्या डब्ल्यूएमएस (नकाशाचे चित्र देणारी) आणि डब्ल्यूएफएस (मूळ नोंदी देणारी) या सेवा जिओसर्व्हरसारख्या मुक्त साधनातून दिल्या, की दुसऱ्या संस्थेचा संशोधक त्याच्या क्यूजीआयएसमध्ये आपले थर थेट पाहू शकतो. सामायिकपणाचा खरा लाभ येथे मिळतो, कारण कोणालाही फाइल मागावी लागत नाही आणि सर्वांसमोर नेहमी ताजी प्रत असते. सर्वसामान्य वाचकासाठी लीफलेट या हलक्या साधनाने एक पान करावे. नोंदी काही हजारांच्या आत असतील, तर एका जिओजेसन फाइलवर काम भागते आणि वेगळा सर्व्हरही लागत नाही.

पान स्वस्त फोनवर, मंद नेटवर्कवर उघडून पाहावे. प्रत्येक बिंदूवर मोजमापाची तारीख ठळक दिसावी, म्हणजे मार्चचा आकडा कोणी जुलैचा समजणार नाही. जिथे मोजमाप झालेले नाही तो भाग रिकामा दाखवावा. दोन बिंदूंच्या मधली जागा रंगाने भरून काढणारे सुंदर नकाशे खाजनांसाठी दिशाभूल करतात, कारण बांधाच्या एका बाजूची क्षारता दुसऱ्या बाजूला लागू होत नाही. लोकांनी मिळून बनवलेल्या ओपनस्ट्रीटमॅपचा पार्श्वनकाशा वापरला तर त्याचे श्रेय पानावर द्यावे, आणि देशाची सीमा दिसेल इतके दूर जाण्याची सोय ठेवल्यास ती भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाप्रमाणेच असल्याची खात्री करावी.

दहावी पायरी: विश्लेषण पुन्हा करता यावे

क्यूजीआयएसमध्ये माउसने केलेल्या क्रिया दोन महिन्यांनी आठवत नाहीत. म्हणून नोंदी डेटाबेसमधून काढणे, गाळणे आणि आलेख करणे हे पायथन किंवा आर भाषेतील लिखित पायऱ्यांत असावे, त्या पायऱ्या गिट या प्रत्येक बदल जपून ठेवणाऱ्या साधनात ठेवाव्यात आणि कोणत्या आवृत्तीची साधने वापरली तेही लिहावे. गटातील ज्याने ते लिहिले नाही अशा व्यक्तीला ते चालवायला सांगावे. त्याच्याकडे तोच आकडा आला, तर ते काम संशोधनलेखात घालण्याजोगे आहे.

अकरावी पायरी: हस्तांतर

संशोधन प्रकल्पाची मुदत संपते, विद्यार्थी बाहेर पडतात, सर्व्हरचे भाडे भरणारे खाते बंद होते. यासाठी पहिल्याच वर्षी तीन गोष्टी कराव्यात. सर्व्हर, संकेतस्थळाचे नाव आणि पासवर्ड यांची जबाबदारी व्यक्तीऐवजी विभागाच्या नावे असावी, आणि त्यांच्या नूतनीकरणाच्या तारखा किमान दोघांना माहीत असाव्यात. नव्या माणसाला एका दिवसात काम सुरू करता येईल असे माहितीपत्रक मराठीत लिहावे, ज्यात प्रत्येक स्तंभाचा अर्थ, एकक, उपकरण आणि ज्ञात उणिवा असतील. आणि वर्षातून एकदा, शक्यतो लावणीपूर्वी, सार्वजनिक करण्याजोग्या नोंदींची गोठवलेली प्रत झेनोडोसारख्या भांडारात जमा करावी. सर्न या संशोधन संस्थेत २०१३ पासून चालणारे हे भांडार प्रत्येक प्रतीला कायमचा डीओआय क्रमांक देते, त्यामुळे पाच वर्षांनी लेख वाचणारा नेमक्या त्याच नोंदींपर्यंत पोहोचू शकतो. परवाना म्हणून श्रेय देऊन कोणालाही वापरू देणारा सीसी-बाय ४.० बहुधा योग्य ठरतो. ओपनस्ट्रीटमॅपमधून घेतलेल्या रेषा त्यात मिसळल्या असतील, तर मात्र त्यांचा, त्याच अटींवर पुढे वाटायला लावणारा, ओडीबीएल परवाना लागू होतो, म्हणून असे थर पहिल्यापासून वेगळे ठेवावेत. जमा केलेल्या प्रतीचा क्रमांक नोंदी देणाऱ्या प्रत्येक संघटनेला कळवावा, आणि त्यांच्या गावातील मानशींचे त्या वर्षीचे आकडे एका छापील पानावर पंचायतीच्या फलकावर लावावेत.